रक्ताचा रोजमेळ

डोळे पिवळे झाले ते ऐन हळदीच्या सौद्यात, म्हणून सुरुवातीला कुणी मनावरच घेतलं नाही. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडे हवासुद्धा पिवळी असते. हमालांच्या भुवया, तोलाईदाराची टोपी, माझ्या वहीच्या कडा, सगळ्यावर राजापुरी हळदीची भुकटी. "दिवाणजी, डोळ्यांतबी हळद गेली वाटतं," म्हणून एक हमाल हसला, मीही हसलो.

पण दम लागत होता. पेढीच्या पोटमाळ्यावर जुन्या हिशेबपट्ट्यांची दप्तरं असतात. तेवढा जिना चढलो की कानात ठोके ऐकू यायचे आणि दप्तराला हात लावायच्या आधी पोत्यावर बसावं लागायचं. घरी बायकोने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "अहो, आत रक्ताचा टिपूस नाही. आणि वर पिवळं." पुढे मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निम्मं निदान वहिनींनीच केलं होतं." रक्त कमी आणि कावीळ ही दोन्ही एकदम दिसली, की रक्त फुटत असल्याची शंका आधी घ्यायची असते.

आईने मात्र नुसत्या काविळीवर शिक्कामोर्तब करून टाकलं. आमच्या भागात दर चार गावांआड काविळीचं औषध देणारं कुणीतरी असतंच. आईने भल्या पहाटे चुलतभावाला गाडीवर पिटाळून कसला तरी वाटलेला पाला आणवला आणि सोबत पथ्य: तेल बंद, तिखट बंद, हळद बंद. ज्या घराची चूल हळदीवर पेटते त्या घरात हळद बंद! तो पाला पेल्यात तसाच राहिला, कारण तोवर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं.

हे डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी आधी चौकशी केली. अंगाला खाज सुटते का? शौचाला पांढुरकं होतं का? नव्यानं कुठलं औषध चालू केलं का? माझं सगळ्याला 'नाही'. संध्याकाळी रिपोर्ट आला. बिलीरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, 4.6, त्यातलं 3.9 'इनडायरेक्ट', म्हणजे यकृताने अजून न उरकलेलं. यकृताची एसजीपीटी अगदी जागेवर. आणि हिमोग्लोबिन 5.8. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "लिव्हर बिचारं चांगलं आहे. तुमच्या रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागल्यात. त्या फुटून जे पिवळं निघतं, तेवढं उरकणं लिव्हरला जमत नाहीये. आजच मिरजेला जा, उद्यावर टाकू नका."

सांगलीच्या माणसाला मोठं दुखणं आलं की मिरज हे ठरलेलं. मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉनलेसांच्या काळापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, निम्मा उत्तर कर्नाटकही तिथंच येतो. मला मेहुण्याने रिक्षात घातलं. एरवी विश्रामबागेतून जाताना मी दुकानांच्या पाट्या वाचत जातो. त्या दिवशी डोकं मागे टेकून डोळे मिटून होतो.

मिरजेत दोन दिवस नुसत्या तपासण्या चालल्या. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी (प्लीहा, म्हणजे रक्त गाळणारा पोटातला अवयव, जराशी वाढलेली), बी-12, एएनए, हेपेटायटिस, एचआयव्ही आणि काय काय. कारण हा आजार कधी एकटा येतो, तर कधी ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या दुखण्याच्या, लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या किंवा एखाद्या औषधाच्या मागून येतो. माझ्या बाबतीत मागे कुणी सापडलं नाही. नाव पडलं 'वॉर्म ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया'. शरीराची जी फौज जंतूंशी लढायची, ती स्वतःच्याच लाल पेशींवर खुणेची चिठ्ठी, म्हणजे अँटिबॉडी, डकवते. अशा पेशी प्लीहेतून जाताना पकडल्या जातात आणि संपवल्या जातात. साधारण 120 दिवस जगणारी लाल पेशी मग थोड्या दिवसांतच निकालात निघते. याचाच एक 'कोल्ड' भाऊबंद आहे. त्यात गारव्याने बोटं निळी पडतात आणि स्टेरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. माझा वॉर्म, हे ऐकून डॉक्टरांना जरा बरं वाटलेलं दिसलं, म्हणून मलाही वाटलं.

वॉर्म की कोल्ड हे कळतं कूम्ब्ज चाचणीवरून. तिला डीसीटी म्हणतात. लाल पेशीवर ती चिठ्ठी डकवलेली आहे का, ते ती दाखवते. ती रॉबिन कूम्ब्ज, आर्थर मोरंट आणि रॉब रेस यांनी 1945 साली केंब्रिजमध्ये बसवली. यातले कूम्ब्ज मूळचे जनावरांचे डॉक्टर. मला ही माहिती फार आवडली. ऐंशी वर्षांपूर्वी एका पशुवैद्याने काढलेल्या युक्तीवर मिरजेच्या वॉर्डात माझं निदान होत होतं. माझ्या कागदावर डीसीटीपुढे चार अधिक चिन्हं होती, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह.

पुण्याहून ठरल्या दिवशी येणारे हिमॅटॉलॉजिस्ट होते, म्हणजे फक्त रक्ताचे डॉक्टर. त्यांनी मला काय करतोस विचारलं. दिवाणजी म्हटल्यावर खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. हिमोग्लोबिन ही संध्याकाळची शिल्लक. ती 5.8 आहे एवढंच तिच्यावरून कळतं. का आहे, ते कळत नाही. आवक बंद पडली म्हणून शिल्लक घटली, की जावक वाढली म्हणून? आवक म्हणजे रेटिक, अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. नेहमी त्या शंभरात एक-दोन असतात, माझ्या 14 होत्या. जावक दिसते एलडीएच (पेशी फुटली की रक्तात सांडणारं द्रव्य) आणि बिलीरुबिनमध्ये. एलडीएच अडीचशेच्या आत असावं, माझं हजाराच्या वर. म्हणजे कारखाना रात्रपाळी करून माल काढत होता आणि दारातून तेवढाच, किंबहुना जास्त, माल बाहेर जात होता.

त्या रात्री मी मुलीकडून एक दोनशेपानी वही मागवली आणि रकाने आखले. तारीख, हिमोग्लोबिन, रेटिक, एलडीएच, बिलीरुबिन, गोळीचा डोस, शेरा. पेढीवर संगणकातलं टॅली आल्यापासून हाताने रोजमेळ लिहायची सवय मोडली होती, ती अशी परत आली.

रक्त चढवायची वेळ आली तेव्हाचा प्रकार मात्र लिहिलाच पाहिजे. माझा गट ओ पॉझिटिव्ह. यार्डातून बोलवायचा अवकाश, ट्रकभर ओ पॉझिटिव्ह हमाल आले असते. मेहुण्याने तसे फोनही लावले. पण रक्तपेढीतून निरोप आला: मॅच होत नाही. एक पिशवी नाही, दुसरी नाही, तिसरीही नाही. मेहुणा तावातावाने खाली गेला. त्याला वाटलं काहीतरी गफलत आहे. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने त्याला जेल कार्ड दाखवलं. प्लास्टिकचं छोटं कार्ड, त्यात उभ्या नळ्या. रक्त जुळलं तर लाल पेशी नळीच्या तळाशी ठिपक्यासारख्या जाऊन बसतात. न जुळलं तर वरच अडकून लाल रेघ दिसते. त्याने फोटो काढून आणला. सगळ्या नळ्यांत रेघ वरच.

कारण असं की माझ्या अँटिबॉडीज ज्या प्रथिनाला चिकटत होत्या ते जवळपास प्रत्येक माणसाच्या लाल पेशीवर असतं. मला जगातल्या कुणाचंच रक्त कागदावर जुळत नव्हतं, माझं स्वतःचंही नाही. अशा वेळी रक्तपेढी आणखी खोलात जाते, या गोंधळाआड दुसरी एखादी घातक अँटिबॉडी लपलेली नाही ना ते तपासते आणि त्यातल्या त्यात कमी न जुळणारी पिशवी देते. याला वेळ लागतो. नातेवाइकांनी खिडकीवर हात आपटून तो कमी होत नाही, हे मेहुण्याच्या वतीने नोंदवून ठेवतो.

डॉक्टरांनी 5.8 ला रक्त चढवलं नाही. आकडा बघून घाबरू नका, म्हणाले, छातीत दुखतंय का, दम बसल्या जागी लागतोय का, ते सांगा. तिसऱ्या दिवशी आकडा 4.7 वर आला आणि मला कुशीवर वळतानाही धाप लागायला लागली. तेव्हा एक पिशवी दिली. सुरुवातीचा पाव तास सिस्टर शेजारीच उभी. ताप, नाडी, ब्लडप्रेशर, "कंबर दुखतीय का? थंडी वाजतीय का?" थेंब इतके सावकाश पडत होते की मी ते मोजायचा नाद सोडून दिला. आई दारात हात जोडून उभी होती. ती पिशवी म्हणजे इलाज नव्हता. दिलेलं रक्तही फुटणारच, पण औषध लागू पडेपर्यंत हृदयाला तेवढा टेकू.

पोटात एक बारीक सुईचं इंजेक्शनही रोज देत होते. मला ते कळेना. रक्त कमी, आणि हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन? पण रक्त फुटत असताना गुठळ्या होण्याचा धोका उलट वाढतो. पायाची एक पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी छातीत कळ येऊन दम लागला, तर ताबडतोब सांगायचं, असं बजावलं होतं. ही गोष्ट या आजाराच्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवी, पण यावर बोलणारे फार कमी भेटले.

खरा इलाज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅम. मी साठ किलोचा, म्हणून रोज 60 मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. जोडीला फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ॲसिडिटीची गोळी. दुसऱ्या आठवड्यात शिल्लक हलली. 6.2, 7.1, मग 8.4. एलडीएच उतरायला लागलं. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मुलीने एक हसरा चेहरा काढून ठेवला.

घरी आलो आणि बिटाचा हल्ला सुरू झाला. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे. तासगावच्या मावशीने पाच किलो बेदाणे पाठवले. "रक्त वाढायला" लोखंडी कढईतली पालेभाजी. कुणाचं मन मोडवत नाही, पण माझ्यात लोह कमी नव्हतंच. पेशी शरीरातच फुटत होत्या, त्यातलं लोह शरीरातच राहत होतं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तर भरपूर होतं. मला तुटवडा पडू शकत होता तो फॉलिक ॲसिडचा, कारण कारखाना दुप्पट-तिप्पट चालला की ते झपाट्याने संपतं. त्यासाठी ती छोटी पिवळी गोळी पुरे. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला समजावत बसायचो. मग दमलो आणि बायकोने बेदाणे शेजारीपाजारी वाटून टाकले.

बेदाणे वाटण्याला दुसरंही कारण होतं. स्टेरॉइडने साखर चढली. जेवणानंतर 260. इथं एक गंमत झाली. कुणीतरी सुचवलं म्हणून एका पॅकेजमध्ये एचबीएवनसी करून घेतली, ती आली 4.4. घरात आनंदीआनंद. डॉक्टरांनी तो कागद बाजूलाच ठेवला. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीवर गेल्या दोन-तीन महिन्यांत जमलेली साखर. आणि माझी पेशी तर तेवढी जगतच नव्हती. साखर चिकटायच्या आधीच पेशी निकालात, म्हणून आकडा खोटा कमी. ज्याच्या पेशी फुटतायत त्याने उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघायची. ग्लुकोमीटर घेतला आणि वहीत एक रकाना वाढवला.

स्टेरॉइडबद्दल लोक एकतर राक्षस म्हणून बोलतात नाहीतर अमृत म्हणून. मला त्याने वाचवलं, आणि छळलंही. पहाटे तीनला टक्क जाग. भूक अशी की रात्रीच्या भाकरीचा तुकडा चोरून खायचो. चेहरा गोल गरगरीत झाला. जतकडचे एक शेतकरी पट्टी न्यायला आले, मला बघून म्हणाले, "दिवाणजी, दवाखाना मानवलाय की तुम्हाला!" हात-पाय काडी आणि तोंड तेवढं चंद्रासारखं, पण बसलेल्या माणसाचं तोंडच दिसतं. मांड्यांचे स्नायू तर असे गेले की गादीवरून उठता येईना. आमच्या पेढीवर अजून गादी-तक्क्याची बैठक आहे. मांडी घालून बसलो की उठताना आधी बैठ्या मेजावर दोन्ही हात, मग एक गुडघा, मग भिंत. शेठजींनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी खुर्ची-टेबल आणून ठेवलं.

आणि राग. मी तसा मऊ माणूस. एका पट्टीत हमालीचा आकडा चुकला म्हणून पोरसवदा मदतनिसावर असा ओरडलो की बाहेरचा सौदा थांबला. सगळे गप्प. शेठजी म्हणाले, "असू दे. दिवाणजी नाहीत, गोळी बोलतीया." यार्डात पुढे ती म्हणच पडली. कुणीही चिडलं की, गोळी बोलतीया.

पावसाळ्यापर्यंत डोस 20 वर आला होता. आणि कृष्णा वर यायला लागली. आमचं घर कर्नाळ रस्त्याला, म्हणजे पाणी आलं की पहिल्या मानकऱ्यांत आमचा नंबर. कोयनेतून विसर्ग वाढला की इथं प्रत्येक जण आयर्विन पुलाची पातळी तोंडपाठ सांगतो. 40 फूट इशारा, 45 धोका. 2019 आणि 2021 पाहिलेल्या माणसाला 38 वरच झोप लागत नाही. दर वेळी आम्ही आधी गॅस, कागदपत्रं, टीव्ही वर चढवतो. या खेपेला बायकोने पहिली बांधली ती औषधांची पिशवी. महिनाभराच्या गोळ्या, दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर वही.

त्याला कारण होतं. बरेच दिवस स्टेरॉइड बाहेरून मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. गोळी एकाएकी बंद झाली तर ब्लडप्रेशर कोसळतं, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. पुरात दुकानं आठवडा आठवडा बंद असतात, म्हणून साठा हवाच. उलटीने गोळी पोटात ठरत नसेल तर वाट न बघता दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, हेही डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पाणी इशाऱ्याच्या वर गेल्यावर आम्ही विश्रामबागेत मेहुण्याकडे राहायला गेलो. ओसरल्यावर घर धुवायला सगळी गल्ली चिखलात उतरली, मी तेवढा नाही. गोळीने प्रतिकारशक्ती दाबलेली असताना पुराच्या पाण्यात पाय घालायचा नाही, लेप्टोस्पायरोसिसची भीती. गच्चीत खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे झाडू बघणं मला आजारापेक्षा जड गेलं.

आता या सगळ्यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. गणपतीनंतर डोस 10 वर आला. हिमोग्लोबिन 11.8, पुढच्या वेळी 11.6. कोणीही म्हणेल उत्तम. लॅबवाल्याने फोनवर अभिनंदन केलं. पण मी रकान्यात आकडे चढवले आणि हात थांबला. रेटिक 2 वरून 6.5. एलडीएच 240 वरून 480. शिल्लक जवळजवळ तीच आणि उलाढाल दुपटीवर! पेढीवर असं दिसलं तर शेठजी पहिलं विचारतील, माल कुठं चाललाय? शिल्लक टिकली होती ती फक्त कारखाना जास्त राबत होता म्हणून. मी दुसऱ्याच दिवशी वही घेऊन मिरजेला गेलो. डॉक्टरांनी फाइल उघडलीच नाही, वहीच बघितली. "सुरू झालं परत," म्हणाले. "पण आपण लवकर पकडलं." आठवड्याने हिमोग्लोबिन 9.7 झालं.

म्हणून ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माझं एकच सांगणं असतं. डोस उतरताना नुसती सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, करून घरी जाऊ नका. रेटिक आणि एलडीएच डॉक्टरांना विचारून सोबत करा.

डोस परत वाढवला, पण नुसत्या स्टेरॉइडवर किती दिवस काढणार? डॉक्टरांनी समोर पर्याय ठेवले. प्लीहा काढणं हा जुना, पुष्कळांना लागू पडणारा. पण त्याआधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंविरुद्धच्या लसी आणि मग जन्मभर साध्या तापालाही घाबरून राहायचं. ॲझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत. आणि रिटुक्सिमॅब, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींनाच हटवणारं इंजेक्शन. मूळ औषध लिम्फोमासाठी 1997 साली अमेरिकेत मंजूर झालं. 2007 पासून आपल्याकडे त्याची देशी आवृत्ती निघते, म्हणून आमच्यासारख्यांना निदान विचार तरी करता येतो. पूर्ण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम, आठवड्याला एक, असे चार. कमी डोसची पद्धतही आहे, सरसकट 100 मिलिग्रॅमचे चार. आम्ही कमी डोस ठरवला. शेठजींनी उचल देऊ केली होती, पण डॉक्टरांनी समजावलं की माझ्या प्रकारात कमी डोसही चांगला लागू पडतो. तेव्हा उचल कशाला?

त्याआधी हेपेटायटिस बी परत तपासलं, या वेळी चालू लागण दाखवणारं नुसतं एचबीएसएजी नाही तर जुनी लागण दाखवणारं अँटी-एचबीसीसुद्धा. जुना, झोपलेला बी-विषाणू या औषधाने जागा होऊ शकतो. फ्लू आणि न्यूमोनियाची लसही आधीच उरकली, कारण नंतर सहा महिने लसीचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्या इंजेक्शनला सलाईन सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच दात वाजायला लागले. सिस्टरने थेंब थांबवले, चादर घातली, एक इंजेक्शन दिलं, मग निम्म्या वेगाने परत सुरू. पुढचे तिन्ही बिनबोभाट गेले.

गुण मात्र लगेच येत नाही. महिना-दीड महिना वहीत काहीच घडलं नाही. दिवाळी झाली, मी फराळातली अर्धी करंजी आणि मुठीएवढा चिवडा एवढ्यावर सण केला. मग एलडीएच हळूहळू उतरलं, त्यामागून रेटिक. गोळी पाच, अडीच करत, मधे सकाळचं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासून, पुढच्या सौद्याच्या हंगामात बंद झाली.

सध्या हिमोग्लोबिन 13.1, रेटिक 1.6, एलडीएच जागेवर. साखर गोळीसोबतच गेली. डीसीटी अजून दोन अधिक आहे. मेहुणा त्यावर अडून बसतो, "मग बरं कसं म्हणायचं?" तर डीसीटी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते. जोवर पेशी फुटत नाहीत तोवर तिच्यामागे लागायचं नसतं, इलाज आकड्यांचा आणि माणसाचा करायचा. परत उलटू शकतं, हे मला माहीत आहे. खिशात पाकिटात एक कागद असतो: आजाराचं नाव, डीसीटी पॉझिटिव्ह, क्रॉसमॅचला (रक्त जुळवायला) वेळ लागतो, आधी दिलेलं रक्त, दिलेली औषधं. ताप आला तर मी मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढत नाही. लघवी गडद वाटली किंवा डोळ्यांची शंका आली तर आरशात नाही, बायकोला दाखवतो. यार्डातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पिवळे दिसतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी त्यांचा रिपोर्ट घेऊन आल्या. हिमोग्लोबिन 7.9, "तुमच्यासारखंच निघालं भाऊजी, ते इंजेक्शन घ्यावं लागंल का?" मी चष्मा लावला. बिलीरुबिन 0.5, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) 66 म्हणजे लहान, रेटिक कमी. म्हटलं, वहिनी, तुमची जावक वेगळी दिसतीय, पाळीत अंगावरून किती जातं ते आमच्या डॉक्टरांना नीट सांगा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी करायला सांगितली. मावशीचे बेदाणे आता त्या वहिनी थेट आपल्याच घरी मागवतात.